सौ. सुंदरा ठोंबरे यांचे नाव घेणेबाबत

हिरामणराव ठोंबऱ्यांच्या बायकोने पंचवीस वर्षांत त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि हे आपल्या चोख कारभाराचं फळ आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. हिरामणराव राहायचे कर्जतला आणि खालापूरला एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. आलेला कागद नोंदवायचा, त्यावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर सरकवायचा, हे त्यांचं काम. ज्या अर्थी घरात मागणीचा कागद आलेला नाही, त्या अर्थी घरात प्रलंबित काही नाही, असं ते धरून चालले होते. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, आमरस वाढता वाढता सुंदराबाई म्हणाल्या, "नऊ तारखेला आपल्या लग्नाला पंचवीस वर्सं होतात, मला एक पायजे," तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"काय? मिक्सर?" त्यांनी सावधपणे विचारलं.

"मिक्सर हाय. माझं नाव घ्या."

"एवढंच? घेतो की."

"घरात नाय. अबूबकरभाय घ्यायचे तसं. माईकवरनं. बाजारात."

आता अबूबकरभाय कोण आणि माईकचं काय प्रकरण, हे कर्जतमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. पण वाचणारे सगळेच काही कर्जतचे नसतात, तेव्हा सांगणं भाग आहे.

अबूबकरभायची लाऊडस्पीकरची रिक्षा होती. टपावर दोन भोंगे, आत माईक, आणि माईकमागे स्वतः अबूबकरभाय. साड्यांचा सेल, हरवलेलं पोर, पाणी न येण्याची वर्दी, कुणाची अंत्ययात्रा किती वाजता, हे सगळं कर्जतला तीस वर्षं त्यांच्याच तोंडून कळलं. अशा माणसाच्या घरात श्रीवर्धनकडून जुबेदा लग्न होऊन आली. पहिल्याच आठवड्यात ती बाजारात निघाली आणि बाजार बघतच राहिला. साडी साधी, वॉयलची, पण खळ देऊन अशी कडक की तिच्या निऱ्या मोजून घ्याव्यात. डोक्यावरचा पदर चापून बसवलेला आणि त्याला पिन. ती पिन रोज निराळी. डोळ्यांवर काळा गॉगल. मनगटात बांगड्या, आणि बांगड्यांच्या वर घड्याळ. हातात छत्री, तीही साडीच्या काठाला जुळणारी. उन्हात छत्री घेणाऱ्या बायका कर्जतने पाहिल्या होत्या. काठाला जुळणारी छत्री पाहिली नव्हती. भर पावसाळ्यात ती पांढऱ्या सँडल घालून मासळी बाजारातून जायची आणि सँडल पांढऱ्याच घेऊन परत यायची. हे कसं जमतं, यावर बायकांनी पुष्कळ अभ्यास केला, पण कुणाला काही सापडलं नाही.

आणि ती नुसती नटत नव्हती. कुणीही विचारलं तरी थांबून शिकवायची. सुंदराबाई कळंबहून लग्न होऊन नवीनच आल्या होत्या, तेव्हा जुबेदाने त्यांना भर रस्त्यात, बांगडीवाल्याच्या दुकानासमोर उभं करून पदर कसा घ्यायचा ते दाखवलं होतं. "मान वर ठेव गं," ती म्हणाली होती. "साडी निम्मी साडी असते, निम्मी मान असते." सुंदराबाई त्या दिवसापासून मान वर ठेवून चालत, आणि हिरामणरावांना वाटत असे की बायकोला मानेचा त्रास आहे.

तर एके दिवशी अबूबकरभाय बाजारात सेलची जाहिरात करत होते आणि समोरून जुबेदा आली. झालं! सेल राहिला बाजूला आणि भोंग्यातून आवाज आला, "सरका रं बाजूला, आमची जुबेदा येतेय!" तेव्हापासून त्या दोघांचा संसार भोंग्यावरून चालला. भांडण झालं की ती खोपोलीला बहिणीकडे जायची, आणि अबूबकरभाय रिक्षा घेऊन थेट खोपोलीत. बहिणीच्या बिल्डिंगखाली भोंगा लावून ते म्हणायचे, "जुबेदा, चूक माझीच हाय. कुठली ते घरी आल्यावर सांग." यावर जुबेदा तोंडाने कधी उत्तर देत नसे. ती परत येई आणि बाजारातून एक चक्कर मारी. गॉगल डोळ्यांवर असला तर अजून माफी नाही; गॉगल कपाळावर सरकलेला असला तर मिटलं. व्यापारी आधी गॉगल बघत आणि मगच अबूबकरभायला काम देत, कारण गॉगल डोळ्यांवर असेपर्यंत जाहिरातीत दुकानाचं नाव कमी आणि जुबेदाचं जास्त यायचं. जमातीतल्या काही बुजुर्गांनी नाकं मुरडली. त्यांना ती म्हणाली, "त्यांना बोलावंसं वाटतं, मला ऐकावंसं वाटतं. लपवण्यासारखं आमी काय केलंय?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर जुबेदा थोड्या आजाराने गेली. कुणी सांगितलं नव्हतं तरी बाजार बंद राहिला. बांगडीवाल्याने तर दोन दिवस दुकान उघडलं नाही. अबूबकरभायने माईकवर उशीची खोळ घातली आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. मुलगा अदनान रिक्षा चालवू लागला, पण त्याला बोलता येत नव्हतं. म्हणून त्याची बायको फिझा घरी रेकॉर्डिंग करायची आणि रिक्षात पेनड्राइव्ह वाजायचा.

समाचाराला जाऊन आलेल्या सुंदराबाई आठ दिवस फारशा बोलल्या नव्हत्या. आता आमरसाची वाटी खाली ठेवून बोलल्या.

"जुबेदाभाभी गेली, पन साऱ्या कर्जतला ठावं हाय तिच्या नवऱ्याचा तिच्यावर जीव होता. मी गेले तर काय? तुमच्या हापिसात रजेचा अर्ज जाईल. 'पत्नीचे निधन झाल्याने'. माझं नाव पन नसंल त्यात."

हिरामणरावांना अर्जाचा नमुना पाठ होता आणि त्यात खरोखरच नावाला जागा नव्हती.

बायकोचं नाव घेणं ही त्यांची जुनी दुखरी जागा होती. कळंबच्या मांडवात, घास भरवताना सगळ्यांनी "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून घेरलं, तेव्हा त्यांना घाम फुटला होता. उखाणा पाठ होता. पण नावापर्यंत आले आणि आवाजच गेला. शेवटी मामाने "पुढच्या वेळी घेईल" म्हणून सोडवलं. ती पुढची वेळ आजतागायत आली नव्हती. आधी काही वर्षं "अगं ऐकलंस का", पुढे मुलगी झाल्यावर "श्रद्धाची आई", कचेरीत "आमचे घरचे". एवढ्यावर पंचवीस वर्षं छान निभावलं होतं. श्रद्धाला पुण्यात नोकरी लागली तरी तिची आई मात्र श्रद्धाची आईच राहिली.

पण हिरामणरावांत एक गुण होता. प्रकरण हाती घेतलं की ते रीतसर घेत. त्यांनी कोरा कागद काढला आणि मजकूर लिहायला बसले. तीन संध्याकाळी खपून मजकूर तयार झाला, तो असा:

"सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, सौ. सुंदरा हिरामण ठोंबरे, राहणार दहिवली, यांनी आज रोजी पंचवीस वर्षांची अखंड सेवा पूर्ण केली असून, त्यांच्या पतीस त्यांच्याविषयी अत्यंत आदर आहे. तरी सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी."

वाचून त्यांचे स्वतःचेच डोळे पाणावले.

कागद घेऊन ते अदनानकडे गेले. माईकवर स्वतः बोलण्याचा प्रश्नच नव्हता. वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याने भोंग्यावर ओरडणं पदाला शोभलं नसतं. शिवाय मांडवातला अनुभव होताच. फिझाने मजकूर वाचला, हसू दाबलं आणि विचारलं, "काका, कुठल्या आवाजात करू? माझे दोनच आवाज हायत. एक सेलचा, एक मयतीचा."

तिने आधी सेलचा आवाज लावून दाखवला. सुंदराबाई एकीवर एक मोफत मिळत आहेत असं वाटायला लागलं. हिरामणराव घाईघाईने म्हणाले, "नको, नको. दुसरा लाव. त्यात भारदस्तपणा आहे." फिझा म्हणाली, "बघा हां काका." ते म्हणाले, "बघितलं." पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ या एका शब्दात आहे, हे त्यांनी नंतर स्वतःशी मान्य केलं, दुसऱ्या कुणाशी नाही.

मग परवानगी. कचेरीतला सहकारी राजेश म्हणाला, "साहेब, भोंगा म्हटलं की परवानगी आली." हिरामणराव आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते; नगरपालिकेत बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर खिडकी इतकी बुटकी असते हे त्यांना प्रथमच कळलं. वाकून त्यांनी अर्ज घेतला. अर्जात 'घोषणेचा उद्देश' असा रकाना होता आणि पुढे चार पर्याय: धार्मिक, राजकीय, व्यापारी, सामाजिक प्रबोधन. बायकोचं नाव घेणं यातल्या कशात बसतं? त्यांनी राजेशला फोन लावला. राजेशने विचार करून सांगितलं, "धार्मिक लिहिलंत तर मार्ग विचारतील, राजकीय लिहिलंत तर पक्ष विचारतील. प्रबोधन लिहा. प्रबोधनाला कुणी काही विचारत नाही."

त्यांनी प्रबोधन लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढून हिरामणरावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाच शेजाऱ्यांची ना-हरकत आणा."

चार मिळाली. पाचव्यासाठी ते शेजारच्या दत्ताकडे गेले. दत्ता त्यांचा वीस वर्षांचा मित्र. एकमेकांच्या घरात चहा-साखर चालायची. त्याने कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हिरामण, तू चांगला मानूस हायस. हे कशाला काढलंस रं?"

"का? तुला काय अडचण?"

"आरं, आज तू नाव घेनार. उद्या आमची गौरा मला काय म्हनंल? आनि परवा साऱ्या आळीत हेच. मानसानं दुसऱ्याच्या घराचा पन इचार करावा." असं म्हणून दत्ताने त्याच कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'हरकत आहे. सदर घोषणेमुळे परिसरातील इतर पतींची गैरसोय होईल.'

ते वाचायला त्याची बायको गौराबाई आतून आली. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, पेन घेतलं, त्याची हरकत एका रेघेत खोडली आणि खाली सही केली. "तुमचं घ्या, भावोजी," ती म्हणाली. "आमचं मी बघते." दत्ता त्यानंतर दोन दिवस हिरामणरावांशी बोलला नाही.

परवानगी मिळाली. नऊ मे, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पण उद्देश प्रबोधनाचा असल्यामुळे खाली एक अट होती: सोबत दिलेला डास-प्रतिबंधाचा संदेश प्रत्येक घोषणेच्या आधी व नंतर वाजवणे बंधनकारक राहील. हिरामणरावांनी अट वाचली आणि त्यांना ती योग्यच वाटली. नियम म्हटला की त्यांना आतून बरं वाटायचं.

नऊ तारखेला शुक्रवार होता. 'घरगुती कारण' लिहून त्यांनी रजा टाकली होती. सुंदराबाई पहाटे उठून न्हाल्या, पुरण घातलं, मोरपंखी साडी नेसल्या आणि खिडकीशी बसल्या. रिक्षा आधी स्टेशन, मग बाजार आणि शेवटी पूल ओलांडून दहिवलीत यायची होती. हिरामणराव इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर येरझारा घालत होते. आतून त्यांना फार मोकळं वाटत होतं. काम मार्गी लावलं होतं आणि स्वतः एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

बाराच्या सुमारास राजेशचा फोन आला. त्याचा आवाज जड होता.

"साहेब, आत्ताच कळलं. आम्ही सगळे निघालोय."

"या या!" हिरामणराव खुशीत म्हणाले. "जेवायलाच या."

"जेवायला? आजच?"

"मग कधी? पुरणपोळी केलीय. अरे, पंचवीस वर्षांनी एकदा येतो असा दिवस! मी तर सकाळपासून इतका मोकळा झालोय म्हणून सांगू."

"साहेब," राजेश अगदी हळू म्हणाला, "तुम्ही बसा कुठंतरी. पाणी प्या. घरात दुसरं कोण आहे?"

"आहे की! ही आहे, खिडकीत बसलीय."

राजेशने फोन ठेवला. पुढे त्याने सांगितलं की त्या क्षणी कचेरीतल्या दोघी रडायला लागल्या होत्या.

फोन ठेवतात न ठेवतात तोच आळीच्या तोंडाशी एक जीप थांबली आणि तिच्यातून, पदर डोळ्यांना लावून, कळंबच्या येसूबाई उतरल्या. येसूबाई म्हणजे सुंदराबाईंची चुलत बहीण. "गेलीस गं माझे बाय," असा टाहो फोडत त्या दारापर्यंत आल्या. कोण रडतंय म्हणून सुंदराबाईंनी दार उघडलं. मोरपंखी साडीतल्या सुंदराबाईंना बघून येसूबाईंचा टाहो मध्येच तुटला. त्यांनी आधी भिंत धरली, मग सुंदराबाईंचा दंड चिमटून पाहिला, आणि खात्री पटल्यावर त्यांचा पारा चढला.

"मेली न्हाईस व्हय गं तू? आरं देवा, आंबे उतरवायचं टाकून आले मी! अर्धी बाग तशीच ऱ्हायली!"

"कोन मेलं? तुला कुनी सांगितलं?"

"भोंग्यानं! आमचा जावई बाजारात होता, त्यानं फोन केला."

तोवर माणसं जमायला लागली होती. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात हार. खालापूरची गाडी आली. राजेशने फुलांचं चक्र आणलं होतं, ते त्याने सुंदराबाईंना बघून पाठीमागे लपवलं, पण ते बरंच मोठं होतं. गर्दीत एक होतकरू कार्यकर्ताही होता. त्याने हिरामणरावांना बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी कुठल्या वॉर्डातून उभ्या राहतायत? 'अखंड सेवा' ऐकलं म्हणून आलो."

आणि त्याच वेळी, वळणावरून अदनानची रिक्षा आळीत शिरली. फिझाच्या मयतीच्या आवाजात, संथ, दुःखी, भोंगा बोलू लागला:

"साचलेल्या पाण्यात डास होतात. ताप अंगावर काढू नका. वेळीच उपचार न केल्यास जिवावर बेतू शकते. सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, सौ. सुंदरा हिरामण ठोंबरे, राहणार दहिवली, यांनी आज रोजी पंचवीस वर्षांची अखंड सेवा पूर्ण केली असून, त्यांच्या पतीस त्यांच्याविषयी अत्यंत आदर आहे. तरी सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करा."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसायला लागले. नारळवाले हसले, हारवाले हसले, येसूबाईही हसल्या. फक्त सुंदराबाई हसल्या नाहीत. त्या हिरामणरावांकडे बघत होत्या.

"चुकून झालं," हिरामणराव म्हणाले. "पण रीतसर परवानगी काढून—"

"परवानगी?" सुंदराबाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "ती मी पंचवीस वर्सांपूर्वीच दिली होती. लोक मला मेली समजले त्याचं मला काय नाय वाटलं. पन नाव तुमी कुटं घेतलंत? नाव फिझानं घेतलं. आनि तेपन डासांच्या मधी."

त्या आत गेल्या. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज सगळ्या आळीने ऐकला.

हिरामणरावांचा आजवर कचेरीत दोनदा अपमान झाला होता. दोन्ही वेळा ते खुलासा लिहून मोकळे झाले होते. आता खुलासा लिहायला काही नव्हतं. बाई म्हणत होती ते खरं होतं. मांडवात गेलेला आवाज त्यांनी कधी शोधलाच नव्हता. उलट तो नसल्याचा त्यांना सोयीस्कर विसर पडला होता. ते ओट्यावर बसून राहिले. माणसं पांगली, पुरण आतच राहिलं. चारच्या पुढे ते उठले आणि पूल ओलांडून अबूबकरभायच्या घरी गेले.

अबूबकरभाय पडवीत आरामखुर्चीत बसले होते. हिरामणरावांनी सगळं सांगितलं, अगदी फुलांच्या चक्रासकट. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. अदनान घाबरून आतून आला. जुबेदा गेल्यापासून बाप हसलेला त्याने पाहिला नव्हता. अबूबकरभाय हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते.

"हसू नका हो," हिरामणराव रडकुंडीला येऊन म्हणाले. "मला नाही जमत. तुम्हाला भीती वाटत नव्हती, तुमचं वेगळं."

"कोन म्हनतो?" अबूबकरभाय एकदम थांबले. "आरं, त्या दिवशी बटन चुकून चालू ऱ्हायलं होतं. मी आपला तोंडातल्या तोंडात बोललो, नि ते साऱ्या बाजारानं ऐकलं. लोक हसाया लागले. मला वाटलं, आता धरनी पोटात घेईल तर बरं. बटन बंद करनार, तेवढ्यात जुबेदानं गॉगल काढला नि माझ्याकडं बघितलं. त्या बघन्यासाठी तीस वर्सं माईक धरला, हिरामण. बाकी काय नाय."

मग ते उठले. रिक्षात चढून त्यांनी माईकवरची खोळ काढली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि अदनानला म्हणाले, "सरक. मी चालवतो."

पाचला पंचवीस मिनिटं होती. अबूबकरभाय स्वतः रिक्षा चालवतायत हे बघून बाजारात माणसं दुकानांतून बाहेर आली. काहीजण मागोमाग निघाले. बांगडीवाला सायकलवरून आला. रिक्षा हिरामणरावांच्या दारासमोर थांबली, तेव्हा सकाळची सगळी गर्दी परत जमली होती. दत्ताही आला होता, लांब उभा होता.

अबूबकरभायने माईक हिरामणरावांच्या हातात दिला आणि बटण दाबलं.

"सर्व... सर्व संबंधितांना..." भोंगा खरखरला.

"संबंधित एकच हाय," अबूबकरभाय पुटपुटले. "तिला सांग."

हिरामणरावांनी बंद दाराकडे पाहिलं. आणि मग पंचवीस वर्षं अडलेलं ते नाव बाहेर आलं.

"सुंदरा."

दहिवलीभर ते घुमलं. पुढे काय म्हणायचं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. भोंगा नुसताच गुणगुणत राहिला.

"सुंदरा," ते पुन्हा म्हणाले, "आज सकाळी लोक हार घेऊन आले. मी सगळ्यांना हसून सांगत होतो की काही झालं नाही. पण ते चक्र बघितलं आणि वाटलं, हे खरं असतं तर? तू आहेस हे फार बरं आहे. तू आहेस म्हणून सगळं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू मागितलं नाहीस म्हणून मी दिलं नाही. चूक माझीच आहे, सुंदरा. कुठली ते मला माहीत आहे."

कुणी हसलं नाही. दार उघडलं नाही. पाच मिनिटं गेली. दत्ता न राहवून ओरडला, "वहिनी, या की बाहेर!"

"घाई करू नका रं," अबूबकरभाय म्हणाले. "जुबेदा अर्धा तास लावायची. बाई तयार होतेय. एवढं बोलल्यावर ती काय तशीच येईल?"

दार उघडलं. सुंदराबाईंनी साडी बदलली होती. पांढरी वॉयल, खळ दिलेली, काठ तांबडा. निऱ्या एकसारख्या. बांगड्या तांबड्या आणि कपाळावर कुंकू ठसठशीत. मान वर. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. लग्नात बघितलं होतं त्यानंतर असं त्यांनी बघितलं नव्हतं, की हिरामणरावांनीच बघू दिलं नव्हतं, कोण जाणे. माणूस तीस वर्षं माईक का धरतो, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

अबूबकरभायने त्यांच्या हातून माईक घेतला. "जुबेदा," ते म्हणाले. "जुबेदा, ही आपली सुंदरा बघ. छान दिसते गं. काठाला चप्पल जुळत नाय म्हनाली असतीस तू, पन आज सोडून दे." अदनानने घड्याळ बघून बटण बंद केलं, आणि मग जमलेल्या सगळ्यांना गार झालेल्या पुरणपोळ्या वाढण्यात आल्या. येसूबाईंनी चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, कचेरीला सुट्टी. सकाळी दात घासून हिरामणराव नेहमीसारखे खुर्चीत बसले, पेपर उघडला आणि म्हणाले, "अगं ऐकलंस का, चहा."

स्वयंपाकघरातून उत्तर नाही.

"श्रद्धाची आई?"

भांड्याचा आवाज होता, तोही थांबला. त्यांनी पेपर खाली ठेवला. शेजारी दत्ताच्या घरात गौराबाई काहीतरी मोठ्याने सांगत होती आणि दत्ता "थांब गं, जरा तयारी करू दे" म्हणत होता. हिरामणरावांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा दाराकडे, आणि घसा साफ केला. आज ना गर्दी होती ना भोंगा, तरी कान तापले.

"सुंदरा," ते हळूच म्हणाले.

"आले," लगेच उत्तर आलं. चहाचा कप हातात घेऊन त्या दाराच्या आडच उभ्या होत्या.